पडवीतली खोली : प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२४, नार्वे (गोवा)

बाबांना जाऊन येत्या जूनमध्ये वर्ष होईल. मागीलदारच्या पडवीला लागून असलेली त्यांची खोली तेव्हापासून बंदच आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या छपराचे दोन वासे खचले, त्यामुळे पुढच्या पावसापूर्वी कौले उतरवून नवे वासे घालण्यावाचून गत्यंतर नाही. सुताराने जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली आहे, म्हणजे खोली रिकामी करण्यास साडेचार महिने मिळतात. धाकट्या बहिणीचे म्हणणे असे की, वस्तू नुसत्या खोक्यांत भरल्या तर त्या पुन्हा कधीच बाहेर निघणार नाहीत. म्हणून प्रत्येक वस्तूची नोंद करावी, छायाचित्र घ्यावे आणि ती कशासाठी होती ते लिहून ठेवावे. माझा पेशा जमिनी मोजण्याचा आणि नकाशे काढण्याचा असल्यामुळे हे काम माझ्याकडे आले. सुट्टीच्या दिवशी जेवढे होईल तेवढे करून त्याची टिपणे या वहीत लिहीन. बाबांचे गुणगान येथे करायचे नाही, असे आधीच ठरवून टाकले आहे. ते तेराव्या दिवशी पुरेसे झाले.

२१ जानेवारी

पहिल्या दिवशी एकशे चौदा वस्तू झाल्या आणि खोलीचा एक कोपराही संपला नाही. चावीच्या घड्याळांचे सुटे भाग औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. मागचे झाकण काढलेला रेडिओ. कलमे बांधण्याचा चाकू, त्याला नारळाच्या सुंभाचा दोर गुंडाळलेला. मासे मारण्याचे पाग, दोन ठिकाणी उसवलेले. दोन घुमटे आणि एक शामेळ, म्हणजे तोंडाला कातडे चढवलेली मातीची वाद्ये. बुद्धिबळाचा पट असून त्यातला एक उंट हरवल्यामुळे त्याच्या जागी पितळी नट ठेवलेला आहे. टपाल तिकिटांची वही, नाण्यांचा डबा, आणि खोलीच्या मधोमध, जुन्या लुगड्याने झाकलेली, त्यांची बाजाची पेटी.

शिवाय एकतीस वह्या. आमच्या घरात बोलणे कोंकणीतून असले तरी आरती, पत्र आणि हिशेब मराठीतूनच होत आले, त्यामुळे वह्याही मराठीतच आहेत. आकडे मात्र पोर्तुगीज शाळेतल्या वळणाचे आहेत आणि प्रत्येक साताच्या पोटातून एक आडवी रेघ गेलेली आहे. बाबा १९४२ साली जन्मले, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले आणि पुढे पोर्तुगीज शाळेतले प्रिमेर ग्राव, म्हणजे प्राथमिक शिक्षण, झाले. त्या शाळेची एवढीच खूण त्यांच्या अक्षरात शेवटपर्यंत राहिली.

२८ जानेवारी

एवढे छंद एका माणसाला कसे परवडले, हा प्रश्न आज वस्तू लावताना पुन्हा पडला. बाबा फेरीबोटीवर होते. १९६६ साली खलाशी म्हणून लागले, पुढे इंजिन चालवू लागले आणि २००२ साली निवृत्त झाले. त्यांची बहुतेक वर्षे नार्वे आणि दिवाडी बेट यांच्यामधल्या पाण्यावर गेली. लाँचला गाझोलीन म्हणणारी माणसे तेव्हा दोन्ही काठांवर होती आणि सप्तकोटेश्वराला येणारे भाविक अंगावर पाण्याचे तुषार घेऊनच देवळात पोचत. वर सारंगाच्या हाती सुकाणू आणि खाली बाबांच्या हाती इंजिन. वरून दोरी ओढली की खाली घंटा वाजे आणि तिच्या ठोक्यांवरून पुढे, मागे की थांब ते कळे. दिवस-रात्र पाळ्या असत. सणाच्या दिवशी लोकांची ये-जा अधिक, म्हणून सणाच्या दिवशी बाबा हमखास कामावर असत.

आज वस्तू टेबलावर ओळीने मांडल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. बोट एका काठाला लागली की माणसे आणि वाहने जमेपर्यंत ती थांबते आणि मग निघते. बाबांचा एकही छंद असा नाही की जो त्या थांब्यात उचलून घंटा वाजताच खाली ठेवता येणार नाही. तिकीट पाण्यात भिजवून कागदापासून सोडवणे, घड्याळाची एक चक्री पुसणे, बुद्धिबळाची एक चाल विचारून ठेवणे, घुमटाचा दोर आवळणे, ही सगळी दहा-पंधरा मिनिटांची कामे आहेत. ज्याला सलग चार तास लागतात असे काही, उदाहरणार्थ चित्रकला, त्यांनी कधी धरलेच नाही. आम्ही त्यांना हरहुन्नरी म्हणत आलो आणि ते खरेही आहे, पण त्या हुन्नरांची लांबी-रुंदी नदीने आखून दिली होती. पेटीची दुरुस्ती तेवढी या हिशेबात बसत नाही. ती घरी, रजेच्या दिवशी, दार लावून चाले.

११ फेब्रुवारी

नाणी आणि तिकिटे एका दिवसात आटोपली. नाण्यांच्या डब्यात तांगे, रुपिया आणि एस्कुदो या पोर्तुगीज अमदानीतल्या नाण्यांचे तीन कप्पे आहेत. तीन आणि सहा एस्कुदोंची नाणी नवख्याला चमत्कारिक वाटतात, कारण असले आकडे कोणी का निवडावेत ते कळत नाही. पण १९५९ साली रुपिया जाऊन एस्कुदो आला तेव्हा एका रुपियाला सहा एस्कुदो असा भाव ठरला होता, हे माहीत असले की कोडे सुटते. लोकांना सवयीची अर्धी आणि पूर्ण रुपियाच नव्या नावाने हातात मिळाली. तिकिटांच्या वहीत त्याच बदलाची दुसरी बाजू आहे, कारण जुन्याच तिकिटांवर नव्या चलनाचा आकडा छापून ती चालवलेली दिसतात. एक एस्कुदोचे एक नाणे वेगळ्या कागदात बांधले आहे आणि कागदावर ‘पहिली मजुरी’ एवढेच लिहिले आहे. कुठली मजुरी, ते आईलाही ठाऊक नाही.

२५ फेब्रुवारी

पेटीच्या वह्या वाचायला घेतल्या. एकतीसपैकी सहा वह्या निव्वळ पेट्यांच्या असून त्यांत त्रेसष्ट पेट्यांची क्रमवार नोंद आहे. पहिली १९७२ सालची आहे. आकाशवाणीने पेटीला १९४० पासून १९७१ पर्यंत आपल्या दारात उभे केले नव्हते, आणि ती बंदी उठल्याचे ऐकल्यानंतरच आपण ही मोडकी पेटी विकत घेतली, असे बाबा सांगत. एरवी कुठल्याही सरकारी हुकुमाचा त्यांना आनंद झाल्याचे मला आठवत नाही. बोरीचे पं. तुळशीदास बोरकर यांचे वादन रेडिओवर लागले की जेवणाचे ताटही थांबे.

प्रत्येक नोंदीत पेटी कोणाची, किती सुरांची, काय बिघडले होते आणि काय केले हे लिहिलेले आहे. पैशाचा रकाना आखलेला असून तो बहुतेक ठिकाणी रिकामा आहे. क्वचित ‘नारळ १०’ किंवा ‘चिबूड’ अशी भर आढळते. १९८६ सालच्या पानावर जुलैपासून पुढे तीन महिने काहीच नाही, फक्त एक ओळ आहे : ‘पूल पडला. पेटी बंद.’ ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला आणि पणजी आणि बेती यांच्यामधला सगळा भार पुन्हा बोटींवर आला. बाबांना तिकडे नेले होते. त्या पावसाळ्यात ते घरी आले की फक्त झोपलेले दिसत, हे मला पक्के आठवते.

त्याआधीच्या वहीत, १९८४ साली, एका पेटीच्या नोंदीखाली लिहिले आहे : ‘मुलाला बसवले. पाच मिनिटांत उठला.’ मुलगा म्हणजे मी. वय बारा. बाहेर चेंडू-फळीचा खेळ रंगला होता आणि आत बाबा मला एकच सूर पुन्हा पुन्हा ऐकवून काहीतरी विचारत होते. त्यांनी माझ्यासाठी कधी वेळ काढला नाही, अशी माझी जुनी तक्रार होती. ती येथे खोडावी लागते आहे.

१० मार्च

पेटीचे काम कसे चालते ते समजून घेतल्याखेरीज पुढची नोंद करता येणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पेटीत प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक बारीक जीभ असते. तिचे एक टोक फट पाडलेल्या पितळी चौकटीवर रिव्हेटने जखडलेले असते आणि दुसरे मोकळे असते. भात्याची हवा त्या फटीतून गेली की जीभ थरथरते आणि सूर निघतो. कारागीर या सबंध तुकड्यालाच ‘सूर’ म्हणतात. जिभेचे मोकळे टोक घासले की सूर चढतो आणि रिव्हेटकडचे अंग घासले की उतरतो. घासताना जीभ वाकू नये म्हणून तिच्याखाली पातळ पत्रा सरकवावा लागतो. बाबांचा तो पत्रा मला हत्यारांच्या पेटीत सापडला आणि हसू आले, कारण तो इंजिनाच्या टॅपेटची फट मोजण्याच्या फिलर गेजचे एक पाते होते. कानस म्हणून करवतीचे झिजलेले पाते अणकुचीदार केलेले होते.

खर्ज-नर पेटीत, म्हणजे खालच्या आणि मधल्या सप्तकाच्या जिभांच्या दोन रांगा असलेल्या पेटीत, एका पट्टीवर दोन सूर एकदम बोलतात. ते नीट जुळले नसतील तर आवाजात एक लहर येते. समजा, एकाच सुरासाठी बसवलेल्या दोन जिभांपैकी एकीची आवर्तने सेकंदाला ४४० आणि दुसरीची ४४२ असतील, तर दर सेकंदाला दोन लहरी ऐकू येतात. जुळवणारा माणूस सूर ऐकत नसतो. तो ही लहर मंदावत मंदावत नाहीशी होण्याची वाट पाहत असतो. बाबांकडे यासाठी दोन कान आणि एक ट्यूनिंग फोर्क यापलीकडे काही नव्हते.

माझ्याकडे मोबाईलवरचे सूर मोजण्याचे ॲप आहे. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत १०० सेंट होतात, आणि हे ॲप एका सेंटपर्यंत फरक दाखवते. ही मोजणी मूळ आराखड्यात नव्हती. पण एवढी वर्षे दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्यानंतर बापाचे काम मोजून पाहण्याचा मोह आवरला नाही. रात्री पंखा बंद करून, खिडक्या लावून त्यांची स्वतःची पेटी मोजली. भात्याचा दाब बदलला की सूर थोडा हलतो, म्हणून प्रत्येक पट्टी तीनदा घेऊन मधला आकडा धरला. ही पेटी त्यांनी शेवटची १९८८ साली जुळवल्याची नोंद आहे. एकोणचाळीस पट्ट्यांपैकी प्रत्येक पट्टी चार ते नऊ सेंट उतरलेली निघाली. पस्तीस वर्षांची धूळ आणि पितळेवरचा हिरवट थर धरला तर सूर उतरणे साहजिकच आहे. सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्याच उतरल्या आहेत, हे महत्त्वाचे. म्हणजे जुळवताना त्या एका रेषेत होत्या.

२४ मार्च

गावच्या भजनी मंडळाची पेटी दोन दिवसांसाठी मागून आणली. वहीत तिचा क्रमांक ५१ असून वर्ष २००७ आहे. खालची दोन सप्तके उत्तम आहेत, तीन सेंटच्या आत. तार सप्तकात मात्र आकडे उधळले : एक पट्टी १४ सेंट चढी, शेजारची १८ उतरलेली, पुढची ९ चढी, त्यापुढची २२ उतरलेली. धुळीने असे होत नाही. धूळ सगळ्यांना खालीच ओढते.

एक शंका मनात आली की बाबांनी मुद्दाम शुद्ध स्वरांना धरून जुळवणी केली असेल. शुद्ध गांधार हा समान विभागलेल्या सप्तकातल्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरता असतो आणि कसलेले कान तोच पसंत करतात. पण मग खालच्या सप्तकांतही तो तसाच दिसायला हवा होता. तो दिसत नाही.

मंडळातल्या कोणीही सतरा वर्षांत तक्रार केलेली नाही, आणि भजनाला वरच्या पट्ट्या फारशा लागतही नाहीत. मी पेटी परत केली आणि त्यांना काही बोललो नाही.

७ एप्रिल

शेजारच्या घरातली पेटी मोजली. क्रमांक ५८, वर्ष २०१३. तार सप्तकातली प्रत्येक पट्टी चार सेंटच्या आत आहे.

गेले दोन आठवडे मी मनाशी एक अनुमान बांधत होतो. इंजिनाच्या आवाजात वर्षानुवर्षे काम करणाऱ्याचे आधी उंच पट्टीतले ऐकणे जाते. बोलणे ऐकू येते, डासाची गुणगुण ऐकू येत नाही. बाबांनी छत्तीस वर्षांतली बहुतेक त्या लोखंडी तळघरात काढली, कानांत बोळा न घालता, कारण बोळा घातला तर सारंगाची घंटा ऐकू येणार नाही. २००७ सालची पेटी म्हणजे त्या कानांचा दाखलाच होता. पण तसे असेल तर २०१३ सालची पेटी निर्दोष कशी? गेलेले ऐकणे परत येत नसते.

१४ एप्रिल

आईला विचारले. ती म्हणाली की निवृत्त होण्याच्या आधीपासूनच तिच्या ध्यानात आले होते, कारण मोबाईलची घंटा वाजली तरी बाबा शेजारी बसून पेपर वाचत राहत. मग त्यांना तसे सांगितले का नाही, असे विचारल्यावर म्हणाली, “विचारले असते तर नाही म्हणाले असते. म्हणून विचारले नाही. त्यांच्या समोर उभी राहून बोलायला लागले, एवढेच.”

आणि मी? मी त्याच घरात राहत होतो.

२१ एप्रिल

क्रमांक ५८ ची वही पुन्हा वाचली. २०१२ पासून पुढच्या नोंदींत एक नवी गोष्ट आहे, जी मी आधी सरसकट ओलांडून गेलो होतो. तार सप्तकातल्या स्वरांसमोर बारीक अक्षरांची ओळ आहे, उदाहरणार्थ ‘ग : स, स, व, स, बा.’ किंवा ‘नि : व, व, बा.’ आधी मला ‘स’ म्हणजे षड्ज वाटला होता आणि ‘बा.’ म्हणजे बारीक. पण गांधाराच्या आणि निषादाच्या ओळीत पुन्हा पुन्हा षड्ज कशाला येईल? आणि ‘व’ नावाचा स्वर तर नाहीच. दोन संध्याकाळी त्यावर घालवल्या. बहिणीला छायाचित्र पाठवले, तिचा तर्क असा की ‘व’ म्हणजे वादी आणि ‘स’ म्हणजे संवादी. विद्वत्तेची ही परिसीमा झाली.

५ मे

आज कुळागरातली कलमे. बाबांनी लावलेली नऊ झाडे उभी आहेत, चार मानकुराद, तीन मुसराद, एक हिलारियो आणि एक फसलेले. प्रत्येकाच्या बुंध्याला डब्याचा पत्रा कापून केलेली पट्टी असून तिच्यावर खिळ्याने जात, वर्ष आणि काडी कोणाच्या घरून आणली ते टोचून लिहिलेले आहे. पावसाळ्याच्या तोंडाला कोय रुजवून तिचा तांबूस कोंब कोवळा असतानाच त्यावर काडी बांधायची, ही त्यांची पद्धत. फसलेल्या झाडावर ‘मानकुराद १९९४’ अशी पट्टी आहे, पण वरची काडी मेली आणि खालचे रायवळच वाढले. त्याचे आंबट आंबे आई सासव नावाच्या कालवणाला वापरते. पट्टी काढून टाकावी असे घरातल्या सगळ्यांनी कधी ना कधी सुचवले होते, आणि बाबा दरवेळी म्हणत की काडी मानकुरादाचीच होती. आजही ती काढलेली नाही. नकाशावर झाड जसे पट्टीवर आहे तसेच दाखवून शेजारी ‘रायवळ’ असे लिहिले.

१९ मे

मुलगी परीक्षा संपवून काल रात्री घरी आली. सकाळी चहा पिताना तिने टेबलावरची वही सहज उघडली, तार सप्तकाची ओळ वाचली आणि म्हणाली, “हें म्हजेंच मूं!” म्हणजे हे माझेच की. मग तिने सांगितले. ती सहा-सात वर्षांची असताना दुपारी आजो तिला पेटीपाशी बसवीत आणि एक खेळ खेळत. आजो एक सूर वाजवीत आणि मग त्याच्यावरचा दुसरा. दुसरा सूर वर आहे की खाली, ते तिने सांगायचे. वर असेल तर ‘वयर’, खाली असेल तर ‘सकयल’. दोन्ही एक झाले की टाळी वाजवायची. त्यावर एक लिमलेटची गोळी मिळे. मध्ये आजो काहीतरी घासत बसत, तेवढ्यात तिला कंटाळा येई, मग ते तिला कानस धरायला देत.

‘व’ म्हणजे वयर. ‘स’ म्हणजे सकयल. आणि ‘बा.’ म्हणजे बाय. घरात तिला आजही सगळे बाय म्हणूनच हाक मारतात. ज्या जागी टाळी वाजली तेथे त्यांनी तिची सही घालून काम तिच्या नावावर चढवले होते.

मी तिला विचारले की आजोंना ऐकू येत नाही हे तुला कळत होते का. ती म्हणाली की नाही, आपण त्यांच्यापेक्षा हुशार आहोत एवढेच तिला वाटत असे, आणि ते तसे वाटू देत. वह्यांतल्या त्या ओळी आम्ही दोघांनी मिळून मोजल्या. २०१२ ते २०१६ या काळातल्या सात पेट्यांवर तिच्या टाळ्या आहेत. त्यानंतर ती शाळेच्या कामात गुंतली, आणि वहीतही पुढच्या नोंदी फक्त भात्याच्या कापडाच्या आणि तुटलेल्या पट्ट्यांच्या आहेत. सूर जुळवण्याचे काम त्यांनी पुन्हा घेतलेले नाही. त्रेसष्टावी आणि शेवटची नोंद २०२१ सालची आहे : ‘भात्याला भोक. कातडे लावले.’

२ जून

खोली रिकामी झाली. एकूण चारशे सदतीस वस्तू भरल्या. सुतार आला, दोन नव्हे तर पाच वासे खराब निघाले.

१६ जून

वर्षश्राद्ध झाले. पाऊस लागला आहे आणि रात्री रातकिड्यांचा एवढा कल्लोळ आहे की पडवीत बसून बोलणे कठीण होते. तेथेच बसून २००४ आणि २००५ सालच्या सर्वसाधारण टिपणांची वही चाळत होतो. जुलै २००४ : ‘यंदा रातकिडे कमी.’ जुलै २००५ : ‘रातकिडे जवळजवळ नाहीत. खाणीच्या मातीचा परिणाम असावा.’ त्या पानाला वर्तमानपत्रासाठी लिहिलेल्या पत्राचा कच्चा खर्डा टाचलेला आहे. त्यात डिचोली तालुक्यातून रातकिडे नाहीसे होत असल्याबद्दल तीन परिच्छेद आहेत, ते मुद्देसूद आहेत, आणि शेवटी संबंधितांनी लक्ष घालावे अशी विनंती आहे. खाणीच्या मातीबद्दलचे त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. पत्र धाडले होते की नाही ते समजत नाही. मी ते पान बहिणीला पाठवले नाही. आईलाही वाचून दाखवले नाही.

२१ जुलै

घुमटांची नोंद राहिली होती, ती आज केली. एकावर जुने घोरपडीचे कातडे आहे. १९७२ सालच्या वन्यजीव कायद्यानंतर ते वापरणे गुन्हा ठरते, आणि बाबांनी ते घुमट वापरणे बंद करून दुसऱ्यावर बकऱ्याचे कातडे चढवले. घोरपडीचा नाद बकऱ्याला येत नाही, हे ते दर चतुर्थीला एकदा म्हणत, आणि दर चतुर्थीला बकऱ्याचेच वाजवीत. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला तेव्हा बातमीचे कात्रण त्यांनी बकऱ्याच्या घुमटातच ठेवले. ते अजून तेथेच आहे आणि वाजवताना खुळखुळते. जुन्या घुमटाचे काय करावे ते ठरलेले नाही. यादीत ते ‘ठेवलेले’ या रकान्यात आहे.

१ सप्टेंबर

चतुर्थी सातला आहे. त्याआधी भजनी मंडळाची पेटी पुन्हा घरी आणली होती. माझे काय चालले आहे ते मंडळाला सांगितले, तेव्हा तबला वाजवणारे गृहस्थ म्हणाले की वरच्या पट्ट्या बेसूर आहेत हे त्यांना पहिल्या वर्षीच कळले होते, पण सांगायचे कोणी?

मुलगी आठवड्याच्या सुट्टीवर आली आहे. पेटी पडवीत जमिनीवर घेतली आणि तिने मोबाईल बाजूला ठेवायला लावला. फिलर गेजचे पाते मी जिभेखाली सरकवायचे, कानस मी धरायची आणि ऐकायचे तिने. पहिल्या दोन सुरांना माझा हात इतका जड पडला की एक सूर चक्क अर्ध्या पट्टीने खाली गेला आणि तो परत आणताना एक तास मोडला. पुढे हात बसला. ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती आणि “वयर, वयर, सकयल मातशें” असे सांगत होती. टोकाकडे दोन फेरे, रिव्हेटकडे एक. लहर मंदावत जाते ती मलाही ऐकू येऊ लागली, पण ती कुठे संपते ते तिलाच आधी कळत होते. मी बारा वर्षांचा असतानाही ते मला कळले नसते, असे आज वाटते. पाच मिनिटांत उठलो ते पेटीच्या दृष्टीने बरेच झाले.

दुपारी सुरू केले ते दिवे लागणीच्या वेळी संपले. मग ॲपने मोजले. तार सप्तकातल्या बारा पट्ट्यांपैकी अकरा पट्ट्या चार सेंटच्या आत आल्या, निषाद मात्र नऊ सेंट चढा राहिला. मी पुन्हा कानस उचलली, तर ती म्हणाली की आता जेवायला बसू.

सहाव्या वहीत त्रेसष्टाव्या नोंदीखाली जागा होती, तेथे लिहिले :

‘६४. भजनी मंडळाची पेटी (पूर्वी क्र. ५१). तार सप्तक जुळवले. ऐकले : बा. घासले : मी. निषाद राहिला. पैसे : नाहीत.’

संध्याकाळी पेटी न्यायला आलेल्या मुलाने दोन चिबूड आणले. रकाना खोडून दुरुस्त केला.